मैदानावरची पदवी

बीपीएड ही शारीरिक शिक्षणाची पदवी म्हणजे नुसतं खेळणं, हा समज साफ चुकीचा. पदवीनंतरच्या या दोन वर्षांत शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र शिकावं लागतं, तसंच फक्की टाकून खो-खोचं मैदान आखायलाही. हार्वर्ड स्टेप टेस्टच घ्या. २० इंच उंच बाकावर मिनिटाला ३० वेळा, अशी ५ मिनिटं चढउतार करायची आणि थांबल्यावर मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायची. ठोके जितक्या लवकर खाली येतील तितकं हृदय तंदुरुस्त. पुस्तकातलं हृदय असं बोटाखाली धडधडतं!

आपल्याकडे शारीरिक शिक्षणाची परंपरा जुनी आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती.

मुलामुलींना मैदानाची ओढ असेल, तर पालकांनो, त्यांना अडवू नका. प्रवेशासाठी सीईटीत मैदानी चाचणीही असते. सराव आधीपासून सुरू करा.