शहराला पाणी पाजून मोकळे झालेले तलाव

वऱ्हाडात समुद्र नाही, त्यामुळे लाटांचे फोटो काढायची हौस इथं भागत नाही. पण पाण्याशिवाय कॅमेऱ्याला करमत नाही. अमरावतीचा हौशी छायाचित्रकार मग शहराच्या पूर्वेकडे, पोहऱ्याच्या टेकड्यांच्या अंगाला वळतो. तिथं वडाळी आणि छत्री हे दोन तलाव आहेत.

छत्री तलाव १८८८ सालचा. काळी नदीचं पाणी अडवून अमरावतीला पाजायचं, एवढ्यासाठी बांधलेला. वडाळीही त्याच कामाची. आता शहराच्या नळाला पाणी येतं ते मोर्शीजवळच्या सिंभोऱ्याहून, अप्पर वर्धा धरणातून. त्यामुळे हे दोघं पेन्शनीत निघालेल्या मास्तरासारखे झालेत: येणारेजाणारे पुष्कळ, विचारपूस करणारे कमी. गणपती बुडवायला मात्र छत्री तलावाची आठवण हमखास होते.

बहुतेकांचे मोबाइल संध्याकाळी निघतात. माझं मत विचाराल तर सकाळ बरी. सूर्य टेकड्यांमागून येतो, म्हणून ऊन पाण्यावर जरा उशिरा उतरतं. तोवर पाणकावळे पंख पसरून बसलेले असतात आणि ढोकरी काठावर डोळे लावून. पाणवनस्पतींच्या पानांवरून कमळपक्षी चालतो, तो लांबच लांब बोटांच्या जोरावर. पण खरी गंमत टिबुकलीची. मुठीएवढा पक्षी, फोकस जुळेपर्यंत बुडी मारतो आणि वर येतो तो भलतीकडेच. पावसाळ्यात तिचं घरटं पाण्यावर तरंगत असतं. घरटं सोडताना ती ओल्या शेवाळानं अंडी झाकून जाते. वरून बघणाऱ्याला कचऱ्याचा ढीगच वाटावा.

असं डोळा लावून बसलं की मागून हमखास प्रश्न येतो, "काऊन भाऊ, कायचे फोटू काढून रायले?" टिबुकली म्हटलं तर पटत नाही. "मंग वाघ दिसला का नाई?"

अकोल्यात हीच हौस पातूर रस्त्यावरच्या कापशी तलावावर भागते. त्याचीही कथा तीच. शहराची तहान आता महानचं काटेपूर्णा धरण भागवतं, आणि हिवाळ्यात कापशीवर बदकं उतरतात.

उन्हाळ्यात तलावावर काय ठेवलंय, असं लोक म्हणतात. पाणी मागं सरकतं, गाळाला भेगा पडतात, हे खरं. पण त्याच उथळ पाण्यात शेकाट्या आपल्या गुलाबी काटकुळ्या पायांवर फिरत असतो आणि त्याला जवळून टिपायचं तर एप्रिल-मेच हवा. डोक्याला दुपट्टा आणि सोबत पाण्याची बाटली मात्र विसरू नये.

संध्याकाळीच जायचं असेल तर दिवेलागणीच्या आत परतावं. पोहऱ्याच्या जंगलात बिबटे आहेत, ते वडाळीच्या वस्तीपर्यंत येतात. आणि अंधारात हौशी कॅमेऱ्यात तसंही काही उमटत नाही.