सोयर ना सुतक

एखाद्या कचेरीतील कारकुनाच्या घरी वडीलधारे माणूस गेले, तर दुसऱ्या दिवशी त्याची खुर्ची रिकामी का, हे कुणाला सांगावे लागत नाही. रजेचा अर्ज मागाहून येतो, सहकारी संध्याकाळी घरी जाऊन बसून येतात, शेजारून पिठलेभात येतो. त्याच कारकुनाच्या घरचा तेरा वर्षांचा कुत्रा पहाटे गेला, तर तो साडेदहाच्या ठोक्याला हजेरीपटावर सही करतो. डोळे लाल दिसले तर जागरण झाले म्हणून सांगतो. खरे कारण सांगायला त्याला संकोच वाटतो. आणि धीर करून सांगितलेच, तर पलीकडच्या टेबलावरून सांत्वनाचे म्हणून जे वाक्य येते ते बहुधा ठरलेले असते : ‘‘अहो, दुसरा आणा की!’’

या वाक्यात दुष्टावा नाही. त्यात एक हिशेब मात्र आहे, आणि तो तपासून पाहण्यासारखा आहे.

हा हिशेब कायद्यानेही दीर्घकाळ मांडला. १८६० च्या भारतीय दंड संहितेत प्राण्याला ठार करण्याचा अपराध मालमत्तेच्या नुकसानीत मोडत असे. कलम ४२८ लागू व्हायला त्या प्राण्याची किंमत निदान दहा रुपये असावी लागे. गाय, बैल, घोडा यांसारखी उपयोगाची जनावरे वगळता इतर प्राण्यांना अधिक कडक शिक्षेचे कलम ४२९ लागू व्हायला पन्नास रुपये किंमत लागे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली, तेव्हा तिच्या कलम ३२५ मध्ये ही किमतीची अट गळाली. तरीही हे कलम मालमत्तेविरुद्धच्या अपराधांच्याच प्रकरणात राहिले. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदाही पहिल्या अपराधाला दहा ते पन्नास रुपयेच दंड सांगतो.

अर्थशास्त्रात ‘पर्यायी वस्तू’ नावाची एक कल्पना आहे. चहा महागला तर काही लोक कॉफीकडे वळतात; एका दुकानातील छत्री संपली तर दुसऱ्या दुकानातील चालते. बाजाराचा मोठा व्यवहार या गृहीतावर उभा आहे, आणि छत्र्यांच्या बाबतीत ते गृहीत बरोबरही आहे. ‘दुसरा आणा’ म्हणणारा गृहस्थ नकळत तेच गृहीत लावीत असतो. परंतु कितीतरी मराठी घरांतला कुत्रा विकत आणलेला नसतोच. पावसात जिन्याखाली कुडकुडत असलेले पिल्लू मुलांनी वर आणलेले असते. त्याची बाजारातील किंमत पहिल्या दिवशी शून्य आणि शेवटच्या दिवशीही शून्य. मधल्या तेरा वर्षांत जे साठत गेले ते कोणत्याही दुकानात नव्हते आणि म्हणून त्याला पर्यायही नाही. पुढे दुसरे पिल्लू घरात येईल, त्याचाही लळा लागेल. पण ते दुसरे असेल.

कुत्र्याचे आयुष्य साधारणपणे दहा ते तेरा वर्षांचे. मुलगा पहिलीत असताना आलेले पिल्लू तो महाविद्यालयात जाईतो म्हातारे होते. एवढ्या काळात घराच्या दिनक्रमात त्याची जागा ठरून जाते. भाकरीचा शेवटचा चतकोर त्याचा असतो. जिन्यावरची पावले कुणाची, हे घरातल्या माणसांआधी त्याला कळते. तो गेल्यावर दाराआडच्या खिळ्याला साखळी तशीच असते आणि जेवताना हात सवयीने चतकोर बाजूला काढतो. हे दुःख मोठ्या आठवणींपेक्षा अशा लहान सवयींतून टोचत राहते आणि सवयी एका दिवसात सुटत नाहीत.

अशा वेळेसाठीच समाजाने सुतक योजले होते. त्यातील अशौचाची कल्पना क्षणभर बाजूला ठेवली, तर एक व्यवस्था म्हणून सुतकाने शोकाला मुदत दिली, जागा दिली आणि साक्षीदार दिले. लोकांनी यावे, गेलेल्याविषयी बोलावे आणि तेराव्या दिवशी गोडाचा घास देऊन माणसाला पुन्हा व्यवहारात आणून सोडावे. पाळीव प्राण्याच्या मृत्यूला यातले काहीच नाही. ज्याच्याशी देणेघेणे नाही त्याच्याविषयी मराठीत ‘सोयरसुतक नाही’ असे म्हणतात, ते येथे शब्दशः लागू पडते. समाजाची मान्यता न मिळणाऱ्या अशा शोकाची स्वतंत्र मांडणी केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये केली. जे उघडपणे व्यक्त करता येत नाही ते आतल्या आत अधिक काळ रेंगाळते, हे मात्र अभ्यासकाने सांगण्यापूर्वीही घराघरांत ठाऊक होते.

परंपरा प्राण्यांविषयी कठोर होती असे नव्हे. गृहस्थाच्या नित्य भूतयज्ञात कुत्र्या-कावळ्यांचा वाटा होता. महाभारतातील युधिष्ठिराने सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात जाण्याचे नाकारले. जिवंत प्राण्याविषयीचे कर्तव्य परंपरेने सांगितले. तो गेल्यावर मागे राहिलेल्यांनी काय करावे, हे सांगितले नाही. ज्यांना शक्य होते त्यांनी आपला मार्ग काढला. साताऱ्याजवळ संगम माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमाच्या परिसरात, थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने वाघापासून महाराजांचा जीव वाचविला, अशी कथा सांगतात. महाराजांच्या कुत्र्याला पालखीचा मान मिळाल्याची हकीकत ग्रँट डफनेही दिली आहे. राजाचा शोक दगडात उभा राहू शकला. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहणाऱ्याला मात्र खड्डा खणण्यापुरतीही जमीन नसते. अनेक शहरांत मृत प्राणी उचलण्याचे काम घनकचरा विभागाकडे असते. मुंबईत मालाड येथे महापालिकेची लहान प्राण्यांसाठीची शवदाहिनी सुरू झाली, तीही २०२३ मध्ये.

या शोकात अपराधाचाही एक काटा असतो. माणसाच्या शेवटच्या दुखण्यात जो निर्णय सहसा कुटुंबावर येत नाही, तो येथे येतो. पशुवैद्य सांगतो की आता यातनांखेरीज काही उरलेले नाही. होकार घरच्यांनी द्यायचा असतो. १९२८ मध्ये साबरमती आश्रमातील एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. गांधीजींनी डॉक्टरकडून इंजेक्शन देववून त्याला यातनामुक्त केले, तेव्हा देशात वादळ उठले आणि त्यांना आपल्या पत्रांतून त्याचे समर्थन करावे लागले. अहिंसेचा एवढा विचार केलेल्या माणसालाही जो प्रश्न सोपा नव्हता, तो सामान्य गृहस्थ दवाखान्याच्या बाकावर बसून अर्ध्या तासात सोडवितो आणि पुढे वर्षभर स्वतःला विचारीत राहतो की घाई तर झाली नाही?

मुलांचा प्रश्न आणखी वेगळा. अनेकांना मृत्यू प्रथम दिसतो तो घरच्या मांजराच्या किंवा कुत्र्याच्या रूपाने. ‘त्याला गावी पाठविले’ असे सांगून वडीलमंडळी सुटका करून घेतात. मूल आठवडाभर वाट पाहते आणि नंतर विचारणे सोडून देते. त्या घरात ते मृत्यूविषयी काही शिकत नाही. मोठी माणसे खोटे सांगतात, एवढेच शिकते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो क्षुल्लक नाही. जेथे माणसांनाच वेळेवर औषध मिळत नाही, त्या देशात कुत्र्यासाठी रडणे हे भरल्या पोटाचे चोचले नव्हेत काय? याचे उत्तर शहरापेक्षा खेड्यात चांगले मिळते. २०२२ मध्ये लम्पी रोगाने महाराष्ट्रात जनावरे दगावली, तेव्हा शासनाने ओढकामाच्या बैलामागे २५,००० रुपये मदत जाहीर केली. ती आवश्यकच होती, कारण बैल हे शेतकऱ्याचे भांडवल आहे. पण पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावली आणि ज्याला पुरणपोळी भरविली, त्याचा रिकामा खुंटा पाहून बसून राहणारा शेतकरी केवळ भांडवलासाठी बसलेला नसतो. त्याला कोणी भरल्या पोटाचा म्हणणार नाही. अर्थशास्त्र टंचाईचा विचार करते. परंतु करुणा ही एकीकडे खर्चली म्हणून दुसरीकडे कमी पडणारी वस्तू नव्हे. बहुधा ज्याला जनावराचे दुःख कळते, त्याला शेजाऱ्याचेही कळते.

यासाठी नवे सुतक पाळावे, दहावे-तेरावे घालावे, असे कोणी म्हणणार नाही. नगरपालिकांनी मृत प्राण्यांसाठी सन्मानाची एक जागा राखावी, मुलांना खरे सांगावे, इतके केले तरी पुष्कळ होईल. आणि कचेरीतल्या त्या पलीकडच्या टेबलावरून ‘दुसरा आणा’ म्हणण्याऐवजी, ‘‘नाव काय हो होते त्याचे?’’ एवढे विचारले जावे. लाल डोळ्यांचा तो कारकून त्या दिवशी प्रथमच ते नाव मोठ्याने उच्चारील.