विम्याचे कागद घरच्यांना ठाऊक असावेत
आयुर्विम्याचा बाँड कपाटात कुलूपबंद आणि किल्लीची जागा केवळ विमेदारास ठाऊक, असे अनेक घरांत आढळते. बाँड, पावत्या व पासबुक एकत्र ठेवून पॉलिसी क्रमांकांची यादी कुटुंबीयांकडे द्यावी. पासबुक विशेष महत्त्वाचे. 2015 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत 2 लक्ष रुपयांचे संरक्षण मिळते. परंतु वार्षिक 436 रुपये खात्यातून परस्पर वळते होत असल्याने त्या नोंदीखेरीज घरात बहुधा दुसरी खूण नसते. ग्रामपंचायतीने मृत्यूचा दाखला देतानाच ही नोंद पाहावयास सांगितले, तर एखाद्या विधवेचा हक्क बुडणार नाही. विवाहापूर्वीच्या पॉलिसीवर पुष्कळदा आईवडिलांचेच नाव राहिलेले असते; 1938 च्या विमा अधिनियमानुसार हे नामनिर्देशन पॉलिसीची मुदत संपेपर्यंत बदलता येते.