खिन्नतेवरील गोळी आणि विडीमुक्ती : औषध एकच, दक्षता दुहेरी

भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री विषारी वायूची गळती झाली. त्या वायूने हजारोंचे प्राण घेतले आणि जे वाचले त्यांच्यापैकी अनेकांची फुप्फुसे व डोळे कायमचे अधू केले. ही हानी सर्वांना दिसली. मनावर झालेली हानी मात्र लवकर ध्यानात आली नाही. १९८५ च्या पूर्वार्धात लखनौ येथील मानसोपचारतज्ज्ञांच्या पथकाने वायुपीडित वस्त्यांतील १० सर्वसाधारण दवाखान्यांत आलेल्या ८५५ रुग्णांची पाहणी केली. त्यांपैकी १९३ जणांना मानसिक आजार असल्याचे आढळून आले. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती आणि सर्वांत अधिक आढळलेला आजार खिन्नतेचा, म्हणजे नैराश्याचा होता. त्याच वर्षी भोपाळमधील वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आजार ओळखण्याचे व त्यांवर उपचार करण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. मनाच्या आजारावर नेहमीच्या दवाखान्यातही उपचार होऊ शकतात, ही गोष्ट त्यामुळे अधोरेखित झाली.

दुबळी फुप्फुसे, खचलेले मन आणि हातातील विडी या तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला आलेल्या आपणांस कोठेही दिसतील; त्यासाठी भोपाळलाच जावयास हवे असे नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार भारतातील २८.६ टक्के, मध्यप्रदेशातील ३४.२ टक्के व महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ व्यक्ती कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत होत्या. विडी विझू नये म्हणून ती वरचेवर ओढावी लागते, आणि प्रत्येक झुरक्याबरोबर धूर छातीत खोल जातो. खिन्न मनाला विडीने घटकाभर बरे वाटते. परंतु तो अंमल ओसरताच तगमग सुरू होते आणि माणूस पुन्हा काडी ओढतो. अशा व्यक्तीस विडी सोडण्यासाठी केवळ उपदेश पुरेसा पडत नाही.

औषधाची ओळख

खिन्नतेवरील औषधांपैकी बुप्रोपिऑन हे औषध या दोन्ही कामी उपयोगी पडते. नरिमन मेहता या रसायनशास्त्रज्ञांनी ते १९६९ साली अमेरिकेत तयार केले. तेथे १९८५ साली खिन्नतेवर वापरण्यास त्याला मान्यता मिळाली. परंतु त्या वेळच्या मोठ्या मात्रेमुळे काही रुग्णांना आकडी येऊ लागल्याने १९८६ साली ते बाजारातून काढून घ्यावे लागले. कमाल मात्रा कमी करून १९८९ साली ते पुन्हा वापरात आले आणि १९९७ साली धूम्रपान सोडविण्यासाठीही त्याला मान्यता मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली याच कामासाठी त्याचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

या इतिहासातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. औषध तेच होते. मात्रा चुकली तेव्हा ते घातक ठरले आणि मात्रा सांभाळली तेव्हा उपकारक झाले. म्हणूनच डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे औषध कोणीही घेऊ नये आणि आपली गोळी दुसऱ्यास देऊ नये.

मात्रा व वेळ

विडी-सिगारेट सोडण्यासाठी सामान्यतः पहिले तीन दिवस दररोज १५० मिलिग्रॅमची एक गोळी आणि त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने दिवसातून दोन गोळ्या दिल्या जातात. दोन गोळ्यांमध्ये किमान आठ तासांचे अंतर असावे. दुसरी गोळी अगदी झोपण्याच्या वेळी घेऊ नये, कारण या औषधाने झोप उडते. औषध अंगी लागण्यास अवधी लागतो. यास्तव गोळी सुरू केल्यानंतर दुसऱ्या आठवड्यातील एक दिवस विडी सोडण्यासाठी आधीच मुक्रर करावा. उपचार साधारणपणे ७ ते १२ आठवडे चालतो.

ही गोळी शरीरात सावकाश विरघळेल अशा रीतीने बनविलेली असते. ती चावून, कुटून अथवा मोडून घेतल्यास सर्व औषध एकदम अंगात भिनते व आकडीचा धोका वाढतो. एखादी वेळ चुकल्यास ती सोडून द्यावी. भरपाई म्हणून दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत.

एकच औषध, दोन नावे

हेच औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नावांनी विकतात. एखाद्या गृहस्थास मानसोपचारतज्ज्ञाने खिन्नतेसाठी ते दिलेले असते आणि छातीच्या डॉक्टरांकडे गेल्यावर विडी सोडण्यासाठी दुसऱ्या नावाने तेच औषध लिहून मिळते. पहिल्या गोळीचा उल्लेख राहून गेला तर नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरांत औषधाचे मूळ नाव छापलेले असते, ते पाहावे. वाचता येत नसेल तर सर्व पाकिटे पिशवीत घालून प्रत्येक डॉक्टरांना दाखवावीत.

छातीच्या रुग्णांनी तर विशेष काळजी घ्यावी. धापेसाठी दिले जाणारे थिओफिलिन आणि पोटात घ्यावयाची स्टिरॉइड औषधे बुप्रोपिऑनबरोबर घेतल्यास आकडीची शक्यता वाढते. शिवाय, धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून थिओफिलिनचा निचरा लवकर होतो. विडी सुटली की हा वेग मंदावतो आणि पूर्वीचीच मात्रा जास्त होऊ लागते. म्हणून विडी सोडण्याचा दिवस ठरताच धापेचे औषध देणाऱ्या डॉक्टरांना तसे अवश्य कळवावे. मधुमेह, हिवताप, हृदयविकार व तीव्र वेदना यांवरील काही औषधांच्या बाबतीतही हीच दक्षता आवश्यक आहे.

कोणासाठी योग्य नाही

ज्यांना फेफरे येते, ज्यांच्या डोक्यास पूर्वी गंभीर इजा झाली आहे किंवा ज्यांना खाण्यासंबंधीचा मानसिक विकार आहे, त्यांनी ते आधी सांगितले पाहिजे. फेफऱ्याच्या रुग्णास हे औषध देत नाहीत. नेहमी भरपूर दारू पिणाऱ्या व्यक्तीने दारू किंवा झोपेच्या गोळ्या अकस्मात बंद करून हे औषध सुरू करणे धोक्याचे आहे. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांनी, तसेच ज्यांना कधी अतिउत्साहाचे झटके आले आहेत अशांनी तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तंबाखू चघळणाऱ्यांना वा मशेरी लावणाऱ्यांना या औषधाचा विडी ओढणाऱ्यांइतका लाभ होतो असे सिद्ध झालेले नाही.

पहिल्या काही आठवड्यांत

तोंडास कोरड, डोकेदुखी, मळमळ व निद्रानाश हे त्रास बहुधा सौम्य असतात. रक्तदाब वाढू शकतो, सबब तो वेळोवेळी मोजून घ्यावा. अंगावर पित्त उठणे, चेहरा सुजणे किंवा श्वास कोंडणे ही लक्षणे दिसताच औषध थांबवून रुग्णालय गाठावे. योग्य मात्रेतही हजारांत सुमारे एकास आकडी येऊ शकते. अशा वेळी कांदा अथवा चप्पल हुंगविणे, तोंडात चमचा घालणे असे प्रकार करू नयेत. रुग्णास कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर कराव्यात आणि तातडीने दवाखान्यात न्यावे. त्यानंतर ते औषध पुन्हा देऊ नये.

खिन्नतेवरील कोणत्याही औषधाच्या प्रारंभी, विशेषतः पंचविशीच्या आतील तरुणांत, अस्वस्थता वाढून आत्महत्येचे विचार येण्याचा संभव असतो. विडी सोडल्यानेही मन चिडचिडे व उदास होते. घरातील माणसांनी याला नाटक न समजता रुग्णाजवळ बसावे, त्याला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांस लगेच कळवावे.

खिन्नतेत औषधाचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून ते सोडू नये. तसेच बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने बंदही करू नये. आजार उलटू नये यासाठी बरे झाल्यानंतरही काही महिने औषध चालू ठेवावे लागते.

सर्वांचे सहकार्य

विडी सोडणाऱ्यांपैकी ज्यांना हे औषध मिळते त्यांच्यात कायमची सुटका होण्याचे प्रमाण, औषध न घेणाऱ्यांच्या मानाने दीडपटीच्या आसपास असते. तरीही निश्चय आणि आप्तांचा आधार यांची जागा गोळी घेऊ शकत नाही. शिक्षकांनी पालकसभेत व ग्रामपंचायतीच्या कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत हा विषय मांडावा. मानसिक आजारास भूतबाधा किंवा दुबळेपणा मानण्याची प्रवृत्ती दूर करणे हेही त्यांचेच कार्य आहे. मनाच्या तक्रारींसाठी ‘टेलिमानस’ची १४४१६ ही आणि तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही दूरध्वनी सेवा विनामूल्य उपलब्ध आहे.

घरात कोणी अशी गोळी घेत असेल तर तिचे मूळ नाव, मात्रा आणि सुरू केल्याची तारीख एका कागदावर लिहून तो कागद इतर औषधांबरोबर ठेवावा. डॉक्टर बदलले किंवा रुग्ण बोलू शकला नाही, तरी त्या कागदावरून योग्य उपचार होऊ शकेल.