जुन्या पेट्रोल गाडीतला वास येतो कुठून?

पंचवटी कारंजावर उन्हात उभी असलेली जुनी पेट्रोल जीप किंवा महिंद्राचा एफसी-150 पिकअप पाहिला, की माझं लक्ष आधी पेट्रोलच्या नळ्यांकडे जातं. आपल्याकडचे बहुतेक पिकअप डिझेलचे, डिझेलची वाफ फारशी होत नाही, म्हणून वाफेचा विषय सहसा निघतच नाही. पेट्रोलचं तसं नाही. एप्रिलमधलं नाशिकचं ऊन लागलं की गाडी बंद असली तरी टाकीत वाफ धरते.

मूळ विलिस धाटणीच्या जीपमध्ये ही वाफ टाकीच्या झाकणातून सरळ बाहेर; वास येतो तो तिथूनच. त्यात सीजे-3बी या जीपची टाकी ड्रायव्हरच्या सीटखालीच! अमेरिकेत 1971 पासून ही वाफ अडवणं सक्तीचं झालं. तिथल्या त्यानंतरच्या पिकअपमध्ये टाकीची वाफ एका नळीने कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये जाते. इंजिन सुरू झालं की दुसऱ्या नळीने ती ओढली जाऊन जळते. फुकट जाणारं पेट्रोल कामी येतं, हे मला फार आवडतं.

पेट्रोलच्या असोत की वाफेच्या, नळ्या बदलताना पाण्याची रबरी नळी अजिबात लावू नका. पेट्रोलने ती फुगते, आतून सुटते आणि तुकडे अडकतात. 'एसएई 30आर7' छापलेली नळी मागा. आता पंपावर ई20 मिळतं, तेव्हा जुनं रबर चिरलंय का हे वाकवून बघाच. आणि टाकी गळ्यापर्यंत भरू नका; कॅनिस्टरमध्ये पेट्रोल शिरलं की कोळसा गेला कामातून.