हात थांबला, काम नाही

उज्जैनच्या वेधशाळेत नाडीवलय यंत्राला दोन तोंडं आहेत. सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला असेपर्यंत उत्तरेची तबकडी वेळ दाखवते. सप्टेंबरच्या विषुवदिनानंतर ती सहा महिने निजते आणि दक्षिणेची कामाला लागते. सवाई जयसिंगाची ही यंत्रं मोडकळीला आली होती, 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करून घेतली. कुणी कधी झोपायचं ते तिथे सूर्यच ठरवतो. गावातल्या माझ्या लिनक्स लॅपटॉपसाठी मात्र एक कारकून नेमलेला आहे, लॉगिनडी नावाचा प्रोग्रॅम.

कोण आत आलं, कोण गेलं, कोण नुसतं बसलंय, ही त्याची वही. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत ‘आयडलॲक्शन’ अशी ओळ असते आणि तिच्यापुढे मुळात ‘इग्नोर’. म्हणजे माणूस उठून गेला तरी गप्प राहा. तिथे ‘सस्पेंड’ लिहिलं की 30 मिनिटांनी लॅपटॉप झोपायला हवा.

मी लिहिलं. सकाळी बॅटरी पार संपलेली.

चूक माझीच होती. काळ्या कन्सोलवर हा कारकून टर्मिनलला शेवटचा हात कधी लागला ते स्वतः पाहतो. खिडक्यांच्या पडद्यावर मात्र तो कीबोर्डकडे ढुंकूनही बघत नाही. माणूस रिकामा बसलाय, हा निरोप डेस्कटॉपने द्यायचा असतो. ग्नोमसारखे मोठे डेस्कटॉप आपलं आपण निभावतात. माझ्याकडे नुसता विंडो मॅनेजर, निरोप्या कुणीच नाही. शेवटी एक्सएसएस-लॉक बसवला. शेवटची कळ दाबल्यापासूनचा वेळ एक्स सर्व्हर मोजतच असतो. स्क्रीनसेव्हरची मुदत भरली की एक्सएसएस-लॉक वर्दी देतो आणि लॉगिनडीची 30 मिनिटं तिथून सुरू होतात.

पण मोजला जातो तो हात. मोठी फाइल कॉपी होत असली तरी हात थांबलेलाच, म्हणून अशा कमांडच्या आधी ‘सिस्टिमडी-इनहिबिट’ लावावं. ती संपेपर्यंत झोप नाही. सिनेमा दाखवणारे बरेच प्लेअर ही मनाई स्वतःच घालतात. वाचणाऱ्याची बाजू घेणारं मात्र कुणी नाही. पंचांगाची पीडीएफ वाचताना मी अधूनमधून शिफ्ट दाबतो. हा काही उपाय नव्हे, पण चालतो.

तुम्ही हे करणार असाल तर लॉगिनडीची 30 मिनिटांची मुदत चाचणीपुरती 2 मिनिटं ठेवा. अर्धा तास वाट पाहत बसलात, तर हात माऊसवर जातोच आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते.