हार्ड डिस्कची वाटणी आणि चौसष्ट बाइटांचा नकाशा

विंडोज १० या संगणक प्रणालीचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या, परंतु उत्तम चालणाऱ्या असंख्य संगणकांचे पुढे काय करावे हा प्रश्न उभा राहिला. पोलाद कारखान्याभोवती वसलेल्या आणि २०१६ पासून आयआयटी असलेल्या भिलाईत काय किंवा अन्यत्र काय, जुन्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी लिनक्स अथवा सी-डॅकने डेबियनच्या पायावर उभारलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली बसवू पाहणारा विद्यार्थी सर्वाधिक बिचकतो तो हार्ड डिस्कच्या विभाजनापाशी, म्हणजेच पार्टिशनपाशी.

विभाजनात डिस्कवर कोणतीही भौतिक भिंत उभी राहत नाही. कोणता भाग कोठे सुरू होतो आणि केवढा आहे, एवढीच नोंद एका छोट्या तक्त्यात होते. भिलाईच्या पोलाद वसाहतीचा आराखडा ही त्याची उत्तम उपमा ठरते. या वसाहतीत निवासी सेक्टर, सेक्टर ९ मधील रुग्णालय आणि सिव्हिक सेंटर यांच्या जागा ठरलेल्या आहेत. आराखड्याचा कागद हरवला तरी इमारती जागच्या हलत नाहीत, फक्त नवख्याला पत्ता सापडत नाही. तसाच डिस्कचा तक्ता पुसला गेल्यावर ती रिकामी दिसते, पण तिच्यावरील माहिती पुष्कळदा शाबूत असते, आणि म्हणूनच ख्रिस्तोफ ग्रेनिए यांचा ‘टेस्टडिस्क’ हा मुक्त प्रोग्रॅम विभागांच्या खुणा हुडकून हरवलेला तक्ता पुन्हा रचू शकतो.

हा तक्ता वैयक्तिक संगणकात आला तो मार्च १९८३ मध्ये, आयबीएमच्या पीसी एक्सटी या १० मेगाबाइटची डिस्क असलेल्या यंत्राबरोबर. डिस्कच्या परिभाषेत सेक्टर म्हणजे ५१२ बाइटांचा ठोकळा. त्यांपैकी पहिल्याच ठोकळ्याला मास्टर बूट रेकॉर्ड, अर्थात एमबीआर, म्हणतात. त्यात संगणक सुरू करणाऱ्या सूचनांसाठी ४४६ बाइट, ओळखखुणेसाठी २ बाइट आणि तक्त्यासाठी ६४ बाइट असतात. एका विभागाची नोंद १६ बाइटांची असल्याने तेथे चारच विभाग मावतात. चार वेगवेगळ्या प्रणालींनी एकाच डिस्कवर एकत्र नांदावे, हा या योजनेचा मूळ हेतू होता, ही गोष्ट आज जवळजवळ विस्मरणात गेली आहे.

भारतीय घरांत रुजलेली सी, डी, ई अशी वाटणी मात्र निराळ्या गरजेतून आली. डॉसच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत एका विभागाची मर्यादा ३२ मेगाबाइट होती, विंडोज ९५ च्या काळात ती २ गिगाबाइट होती, आणि १९९६ मध्ये फॅट३२ ही नोंदपद्धती येईपर्यंत मोठ्या डिस्कचे तुकडे करण्यावाचून गत्यंतर नव्हते. सक्ती संपली तरी सवय उरली, आणि डी ड्राइव्हमध्ये ठेवलेले छायाचित्र सुरक्षित असते ही घातक समजूतही उरली. प्रणाली नव्याने बसवताना सी पुसून डी राखता येतो, इतका लाभ खरा आहे. पण डिस्कच बिघडली की सर्व विभाग एकदमच जातात, कारण त्यांचे यंत्र एकच असते.

एमबीआरची दुसरी मर्यादा अंकगणिताची होती. त्याच्या तक्त्यात सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो आणि तेवढ्यात सुमारे ४२९ कोटी सेक्टरच मोजता येतात, त्यामुळे २.२ टेराबाइटपलीकडची जागा त्याच्या आवाक्याबाहेर राहते. तरीही १० मेगाबाइटच्या काळातील आराखडा दोन लाखांहून अधिक पट मोठ्या डिस्कपर्यंत पुरला, हे त्याच्या रचनाकारांचे मोठेच यश म्हटले पाहिजे. त्याची जागा घेणाऱ्या जीपीटी या तक्त्यात ६४ बिटांचे आकडे आणि सामान्यतः १२८ विभागांची सोय असते, तसेच तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अखेरीस जपली जाते. विशेष म्हणजे जीपीटी आपल्या आरंभी एक जुन्या धाटणीचा एमबीआर ठेवते आणि त्यात संपूर्ण डिस्क व्यापलेली असल्याचे नोंदवते, जेणेकरून नवी पद्धत न कळणारा एखादा जुना प्रोग्रॅम तिला रिकामी समजून तिच्यावर लिहिणार नाही.

दोन प्रणाली शेजारी बसवणाऱ्याने हे सर्व ध्यानात घेऊन प्रथम महत्त्वाची माहिती वेगळ्या डिस्कवर उतरवावी, डिस्क कुलूपबंद करणारे विंडोजचे बिटलॉकर चालू असल्यास त्याची रिकव्हरी की जवळ ठेवावी, विंडोजचा विभाग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करून जागा मोकळी करावी आणि आरंभिक सूचना सांभाळणाऱ्या लहानशा ईएफआय विभागाला हात लावू नये. ‘संपूर्ण डिस्क पुसा’ हा पर्याय सोपा म्हणून समोर येतो, परंतु तो शेजारच्या प्रणालीलाही घालवतो; मोकळ्या केलेल्या जागेतच नवी प्रणाली बसवली, तर १९८३ मधील तक्त्याच्या त्या चार नोंदींचा मूळ हेतू आजही सहज साधतो.